अंगणातील घुशीची लक्षणे आणि गृहस्थाचे निदान

अहिल्यानगर जिल्ह्यातील एखाद्या बंगल्याच्या आवारात फरशी खचली, की संशयितांची एक ठरलेली क्रमवारी असते. तीत प्रथम गवंडी येतो, मग ठेकेदार, मग नळासाठी रस्ता उकरून तो तसाच सोडून गेलेली नगरपालिका, मग शेजाऱ्याचे नारळाचे झाड, मग शेजारी स्वतः, आणि या सर्वांची चौकशी आटोपल्यावर ईशान्य कोपऱ्यात कोणीतरी काहीतरी जड ठेवले असावे असा निष्कर्ष निघतो. ज्या प्राण्याने फरशीखालची माती प्रत्यक्ष उपसून बाहेर टाकलेली असते, आणि ती टाकताना कसलीही लपवाछपवी केलेली नसते, त्याचे नाव या यादीत सर्वांत शेवटी आणि तेही बहुधा धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईंच्या तोंडून येते. हा प्राणी म्हणजे घूस. घुशीचा उपद्रव ओळखणे हे जाणकाराचे काम आहे अशी समजूत रूढ असली, तरी तिची लक्षणे ढळढळीत असतात. अवघड असते ते मनात आधीच ठरवून ठेवलेल्या आरोपीला सोडून देणे.

घूस ही कृंतक गणातली, म्हणजे ज्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजवण्यासाठी ज्यांना सतत काहीतरी कुरतडत बसावे लागते अशा प्राण्यांच्या गटातली असून, शास्त्रज्ञ तिला बँडिकोटा इंडिका या नावाने ओळखतात. पूर्ण वाढ झालेल्या घुशीचे डोके आणि धड मिळून सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत भरते, शेपूट त्याहून थोडीच आखूड असते आणि वजन अर्ध्या किलोच्या पुढे जाऊन क्वचित किलोच्या आसपास पोहोचते. अर्थात ज्याने ती रात्री विजेरीच्या उजेडात एकदाच पाहिली आहे त्याच्या कथनात हे वजन तीन किलोंच्या खाली येत नाही. तिच्याच कुळातली बँडिकोटा बेंगालेन्सिस ही दुसरी जात आकाराने बरीच लहान, पण उचापतींत थोरली आहे; शेतात, गोदामात आणि घराच्या जोत्याखाली बिळांचे जाळे विणणे, त्यांत कोठ्या काढून धान्याची साठवण करणे आणि आत शिरल्यावर बिळाचे तोंड मातीने बुजवून घेणे ही तिची ख्याती. अंगणातला गृहस्थ या दोघींत भेद करत नाही. तो दोघींनाही घूसच म्हणतो आणि व्यवहाराच्या दृष्टीने त्याचे फारसे चुकत नाही, कारण दोघींचे बिल सारखेच येते.

उत्तर अमेरिकेत हाच उद्योग गोफर नावाचा प्राणी करतो. गालांच्या बाहेरच्या बाजूस केसाळ पिशव्या असलेला, जवळजवळ सारे आयुष्य जमिनीखाली काढणारा आणि हिरवळीवर पंख्याच्या आकाराचे मातीचे ढिगारे टाकून बिळाचे तोंड आतून बंद करणारा हा जीव भारतात मुळीच आढळत नाही. मात्र अमेरिकेतल्या मुलाकडे सहा महिने राहून परतलेल्या वडीलधाऱ्यांच्या सामानातून त्याचे नाव अधूनमधून अहिल्यानगरच्या सावेडी भागात उतरते आणि काही काळ गल्लीत नुकसान तेच राहून प्रतिष्ठा वाढते. हिरवळ ही त्या देशात कुटुंबाच्या अब्रूची बाब असल्याने तेथे गोफर ओळखण्यावर चित्रांसहित माहितीपत्रके निघतात. नगरकडे, म्हणजे अहिल्यानगरात, अब्रू हिरवळीत नसून पेव्हर ब्लॉकमध्ये असते, आणि घुशीला पेव्हर ब्लॉकइतकी सोयीची वस्तू मानवाने दुसरी निर्माण केलेली नाही.

याचे कारण बांधकामाच्या पद्धतीत आहे. पेव्हर ब्लॉक बसवताना खाली बारीक कच अंथरतात, म्हणजे दगड फोडताना निघणारा भुगा पसरून त्यावर ठोकळे जोडतात, आणि ठोकळ्यांच्या सांध्यात सिमेंट भरत नाहीत. परिणामी वर मजबूत छत, खाली उकरायला सोपा भुसभुशीत थर आणि बाजूला स्वयंपाकघराच्या मोरीचे पाणी जिरवणारा शोषखड्डा अशी तयार घरकुल योजना घुशीच्या पदरात पडते. ती एका कडेने आत शिरते, कच बाहेर ढकलते, आणि ठोकळे काही दिवस केवळ एकमेकांच्या आधाराने जागेवर राहतात. मग एका सकाळी मोटरसायकलचे स्टँड त्यांतल्या एका ठोकळ्यावर टेकते आणि गवंड्याच्या नावाने शिव्याशाप सुरू होतात. कडेला पडलेली कचेची रास त्या वेळी सर्वांना दिसत असते. ती झाडून टाकली जाते, कारण अंगणातला कचरा झाडणे आणि अंगणातल्या खड्ड्याचे कारण शोधणे ही दोन खाती मराठी घरात वेगवेगळ्या व्यक्तींकडे असतात आणि त्यांच्यात पत्रव्यवहार नसतो.

ताज्या मातीची रास हे घुशीच्या निदानातले प्रमुख लक्षण मानावे. परंतु अंगणात माती उकरणारी घूस एकटीच नसल्यामुळे येथे थोडा तारतम्यभाव लागतो. कुत्रा पुढच्या पायांनी उकरतो आणि माती मागच्या पायांमधून लांबवर उडवतो, म्हणून त्याचा खड्डा उथळ, तिरपा आणि पसारा मोठा असतो. शिवाय तो उकरून झाल्यावर नाकाला माती लावून मालकासमोर येतो, जे घूस कधीही करत नाही. पावसानंतर दिसणाऱ्या गुंडाळलेल्या बारीक मातीच्या वेटोळ्या गांडुळाच्या विष्ठेच्या असतात आणि त्यांच्यासाठी उपाय शोधणाऱ्या माणसाने खताच्या दुकानात त्याच वस्तूची पिशवी काय भावाने मिळते ते विचारून यावे. कालव्याच्या किंवा पाटाच्या कडेला, ओलसर जागी, बिळाच्या तोंडाशी चिखलाच्या गोळ्यांची कड दिसली तर तो खेकडा. याउलट घुशीचे बीळ मूठ सहज आत जाईल एवढे रुंद असते, त्याच्या तोंडाशी एकाच बाजूला सैल मातीचा ढीग असतो, ढिगात विटांचे तुकडे, खडे, क्वचित एखादी प्लॅस्टिकची पिशवी सापडते आणि बीळ बहुधा उघड्या मैदानात नसून भिंतीच्या पायाशी, पायरीच्या बगलेत, तुळशी वृंदावनाच्या चौथऱ्याखाली किंवा लाकडांच्या मोळीमागे असते. वृंदावन एका बाजूस कलले असता त्याचा संबंध घरातल्या सुनेच्या वागणुकीशी जोडण्याची प्रथा अजून पूर्णपणे गेलेली नाही. अशा वेळी चौथऱ्याच्या मागे जाऊन पाहिल्यास घरातील शांततेला मोठाच हातभार लागतो.

लक्षणांचा सर्वांत मोठा घोटाळा मात्र काळी माती करते. श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव, नेवासे आणि राहुरी या पट्ट्यातली खोल काळी जमीन पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते, कारण तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे, पाणी शोषून घेणारे चिकणमातीचे खनिज भरपूर असते. उन्हाळ्यात या जमिनीला पडणाऱ्या भेगांत काठी जाते, आणि अशा जमिनीवर मुरुमाचा पुरेसा भराव न घालता घर बांधले तर भिंतींना तिरक्या चिरा जाणे अटळ असते. म्हणजे भिंतीला चीर गेली की येथे दोन प्रामाणिक उमेदवार उभे राहतात, एक भूगर्भशास्त्राचा आणि एक प्राणिशास्त्राचा, आणि त्यांच्यात निवड करताना तज्ज्ञांचे हितसंबंध आडवे येतात. ठेकेदाराला कोणत्याही चिरेमागे घूस दिसते, कारण घूस न्यायालयात जात नाही. शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या ठेकेदाराला त्याच चिरेमागे भराव कमी पडलेला दिसतो, कारण त्याला पुढचे काम हवे असते. घरमालकाच्या मेहुण्याला दोन्ही दिसतात आणि बांधकामाच्या वेळीच आपण हे सांगितले होते, असे तो सांगतो.

खरे तर भेद फारसा कठीण नाही. काळ्या मातीची चीर ऋतूप्रमाणे वागते. ती वैशाखात रुंदावते आणि पाऊस मुरल्यावर काही अंशी मिटते, शिवाय ती घराच्या एकाच कोपऱ्यापुरती राहत नाही. घुशीचे खचणे स्थानिक असते, ते पावसाने सुधारत नाही, उलट पागोळ्यांचे पाणी बिळात शिरल्यावर एका रात्रीत हातभर वाढते, आणि आसपासच्या फरशीवर पहारेच्या मागच्या टोकाने ठोकले असता पोकळ आवाज येतो. ही परीक्षा बिनखर्चाची आहे, पण ती करताना घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत जाऊ नये. कारण पोकळ आवाज ऐकण्याची चटक लागलेल्या माणसाला शेवटी सगळेच घर पोकळ वाटू लागते, आणि न खचलेल्या फरश्या त्याच्या पहारेने फुटतात.

ढिगारा आणि खचणे यांखेरीज उरलेली लक्षणे बारीक असली, तरी बोलकी आहेत. घूस रोज त्याच वाटेने जाते आणि अंगातील तेलकटपणामुळे भिंतीच्या कडेला, बिळाच्या ओठावर आणि जाळीच्या खालच्या चौकटीवर काळपट पट्टा उमटवते. गवतातून गेली तर दबलेली बारीक पायवाट दिसते. लेंड्या उंदराच्या तांदळाएवढ्या लेंड्यांहून बऱ्याच मोठ्या, बोटाच्या पेरासारख्या असतात आणि त्यांची मोजदाद घरातील सर्वांत कनिष्ठ सदस्याकडे जाते. परसात रताळी, बीट, अळूचे कंद किंवा भुईमूग लावला असेल तर वरचा पाला टवटवीत आणि खालचा माल गायब असा प्रकार घडतो. पाला कोमेजून खाली पडेपर्यंत गृहस्थ रोज पाणी घालत राहतो आणि मग रोपवाटिकेवाल्याने फसवले असे म्हणतो. पाण्याचा प्लॅस्टिकचा नळ जमिनीच्या पातळीला कुरतडलेला सापडला तर मात्र शंका उरत नाही, कारण रोपवाटिकेवाल्यावर कोणी नळ कुरतडल्याचा आरोप करत नाही.

या टप्प्यावर चिचुंदरीची बाजू मांडणे न्यायाचे ठरेल. लांबुळके नाक, टिकलीएवढे डोळे, भिंतीच्या कडेने चीं चीं करत जाणे आणि मागे दरवळणारा कस्तुरीसारखा उग्र वास ही तिची ओळख. ती उंदरांच्या कुळातली नसून कीटकभक्षी आहे, झुरळे आणि किडे खाते आणि पेव्हर ब्लॉक खचवण्याची ना तिला ताकद असते ना हौस. परंतु घूस रात्री अडीच वाजता काम करते आणि चिचुंदरी संध्याकाळी साडेसातला, मालिका चालू असताना, दिवाणखान्यातून जाते. पुराव्यापेक्षा उपस्थितीवर शिक्षा देण्याची पद्धत ज्या घरात आहे तेथे चिचुंदरी केरसुणीखाली बळी जाते, घूस निर्दोष सुटते आणि झुरळे वाढतात.

मांजराबद्दलही गैरसमज फार आहेत. डिवचलेली घूस पाठीवरचे राठ केस उभे करते, डुकरासारखी गुरगुरते आणि अंगावर येते, त्यामुळे सुजाण मांजर तिच्या वाटेला जात नाही. घरोघरी मोठ्या अपेक्षेने आणलेला बोका पहिल्या सामन्यानंतर कंपाउंडच्या भिंतीवर बसून तटस्थपणे पाहणी करतो. दुधाचा भत्ता चालूच राहतो. उंदराला मांजर साक्ष असे जे म्हणतात ते याहून वेगळे नसावे.

घुशीचे खरे शत्रू वेगळेच आहेत आणि त्यांच्याशी गृहस्थाने मांडलेले वैर हा या विषयातला सर्वांत दुर्दैवी भाग होय. पांढऱ्या चेहऱ्याचे गव्हाणी घुबड एका रात्रीत अनेक उंदीर उचलते, पण ते छपरावर बसले की अपशकुन म्हणून हाकलले जाते. धामण हा बिनविषारी साप बिळात शिरून पिल्ले खातो. तिला नाग समजून ठेचतात. मुंगूस दिसणे शुभ मानतात, म्हणून त्याला कोणी मारत नाही, पण कुत्रा सोडतात. आयत्या बिळात नागोबा ही म्हण केवळ आळशी माणसाला टोमणा नसून निसर्गाचे अचूक निरीक्षण आहे, कारण नाग, घोणस यांसारखे साप स्वतः बीळ खणत नाहीत, ते उंदीर-घुशींच्या बिळात मुक्काम करतात. त्यामुळे अंगणातले बीळ हा फक्त फरशीचा प्रश्न राहत नाही आणि त्यात हात घालून पाहणे हा शूरपणा नव्हे, ते सर्पदंशाला दिलेले आमंत्रण आहे. एवढा एक मुद्दा या लेखात गांभीर्याने घ्यावा.

अहिल्यानगर जिल्ह्याला या विषयात जे स्थान मिळाले आहे ते त्याच्या शेतीमुळे. १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा, राज्यातला सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा पावसाच्या बाबतीत बराचसा कोरडा आहे, परंतु १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाने आणि पुढे मुळा धरणाने त्याच्या उत्तरेकडील तालुक्यांत पाटपाणी आणले, पाटपाण्याने ऊस आणला, उसाने प्रवरानगरपासून सुरू झालेली सहकारी साखर कारखानदारी आणली, आणि या सर्वांबरोबर, कोणत्याही अहवालात श्रेय न घेता, घूस आली. उसाचे उभे शेत म्हणजे तिला वर्षभर छप्पर, पाणी आणि गोड खुराक. धाकट्या जातीची घूस हा तर देशभर उसाचा मोठा शत्रू मानला जातो. गाळप हंगामात तोड सुरू झाली की एकेक फड मोकळा होतो आणि तेथली वस्ती शेजारच्या शेतात, गोठ्यात आणि बंगल्यांच्या आवारात सरकते. ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावर पुष्कळ लिहिले गेले आहे, ते योग्यच आहे. त्याच हंगामातले हे उलट दिशेचे स्थलांतर मात्र फक्त अंगणात नोंदले जाते. कारखान्याचा भोंगा वाजल्यानंतर काही आठवड्यांत वस्तीत नवी बिळे दिसू लागली, तर शेजाऱ्याने मुद्दाम घूस सोडली असा अर्थ काढण्याचे कारण नाही.

नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूरला घरांना दारे न लावण्याची परंपरा आहे आणि चोरी करणाऱ्याला शनी शासन करतो अशी तेथील श्रद्धा आहे. घुशीच्या दृष्टीने पाहता ही परंपरा साऱ्या जिल्ह्यात पूर्वीपासून चालू आहे. तिने कोणत्याही गावात दाराचा उपयोग केलेला नाही.

भुयारांचा शोध घेण्याची विद्या नगरकरांना नवी असू नये असे इतिहास सांगतो. १५९५-९६ मध्ये शाहजादा मुरादच्या मोगल फौजेने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला आणि तटाखाली सुरुंग खणले, तेव्हा किल्ल्यातल्या लोकांनी ते शोधून काढून त्यांपैकी काहींतली दारू काढून घेतली; एक सुरुंग मात्र उडाला आणि तटाला खिंडार पडले. किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीने त्या प्रसंगी तट बांधणाऱ्या गवंड्यांची चौकशी लावली नाही किंवा खिंडाराच्या दिशेचा वास्तुशास्त्रीय विचार केला नाही. तिने खिंडारात उभे राहून हल्ला थोपवला आणि रातोरात तट भरून काढला. त्याच किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात स्थानबद्ध असताना जवाहरलाल नेहरूंनी फुलझाडांचे वाफे खणायला घेतले आणि तेथली जमीन दगडगोट्यांनी, जुन्या बांधकामांच्या अवशेषांनी भरलेली आढळल्याचे ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या आरंभी नोंदवले. नगरच्या मातीत उकरणाऱ्याला काय काय लागते याची ही विश्वासार्ह साक्ष आहे. घुशीच्या ढिगात सापडणाऱ्या खापऱ्या पाहून निजामशाहीच्या खजिन्याची आशा धरणारे लोक अजूनही भेटतात. त्यांच्या अंगणात मग घुशीपेक्षा मालकाने केलेले खड्डे जास्त खोल असतात, आणि डोंगर पोखरून उंदीर काढण्याच्या ऐवजी उंदराच्या मागे लागून डोंगर पोखरला जातो.

निदान पक्के करण्याची एक साधी रीत कृषिखात्याचे लोक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. संध्याकाळी आवारातली सगळी बिळे ओल्या मातीने बुजवावीत आणि सकाळी पाहावे. जी पुन्हा उघडलेली दिसतील ती जिवंत बिळे, म्हणजे ज्यांत सध्या वस्ती आहे अशी, आणि औषध करायचे ते फक्त त्यांत. ही रीत अमलात आणताना अडचण एवढीच येते की सकाळी फिरायला निघालेले आजोबा उघडे बीळ पाहून सद्भावनेने पुन्हा बुजवतात, आणि साडेआठला उठून पाहणाऱ्या त्यांच्या चिरंजीवांना घूस निघून गेल्याचा आनंद होतो.

पुढे औषधाचा प्रश्न येतो आणि त्याबरोबर धर्माचाही, कारण उंदीर हे गणपतीचे वाहन. अष्टविनायकांपैकी सिद्धटेक याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात असल्याने येथील गृहस्थाची कुचंबणा अधिक होते. तिच्यावर लोकांनी काढलेला तोडगा असा की वाहनाचा मान उंदरापुरता, घूस त्यात धरायची नाही. आणि तरीही भाद्रपदात दहा दिवस शस्त्रसंधी पाळायची. या दहा दिवसांत मोदकांचा चुरा, पंचखाद्य आणि फळांच्या साली यांमुळे घुशीचे आरोग्य सुधारते. औषध घालण्याचा बेत घरात मोठ्याने बोलू नये, ती ऐकते आणि मग खात नाही, हाही एक सर्वमान्य नियम आहे. त्यामुळे नवरा-बायको या विषयावर खुणांनी बोलतात, आणि घरातली लहान मुले त्याचा भलताच अर्थ काढतात.

या नियमाच्या मुळाशी मात्र एक खरे निरीक्षण आहे. उंदीर-घुशी नवे खाद्य एकदम खात नाहीत, थोडेसे चाखून थांबतात, आणि झिंक फॉस्फाइडसारखे पोटात गेल्यावर लगेच वायू सोडून त्रास देणारे विष असले तर वाचलेला प्राणी त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. म्हणूनच आधी दोन-तीन दिवस साधे, तेल लावलेले धान्य ठेवून सवय लावावी आणि मगच विषारी आमिष द्यावे असे सांगतात; शेतासाठीचे रूढ प्रमाण ९६ भाग भरड धान्य, २ भाग तेल आणि २ भाग झिंक फॉस्फाइड असे आहे. त्या विषावर उतारा नाही, आणि घराच्या अंगणात जेथे मूल रांगते, कुत्रा फिरतो आणि कोंबड्या चरतात तेथे ते वापरण्याची हुशारी करू नये. ब्रोमाडायोलोन हे रक्त गोठू न देणारे औषध सावकाश काम करते, त्यामुळे घुशीला संशय येत नाही, पण ती मेल्यावर तिला खाणाऱ्या घुबडाला त्याची बाधा होऊ शकते. पिंजरा हा सर्वांत निरुपद्रवी उपाय. त्यात भजी लावावी लागते, आणि भजी कोणी खाल्ली यावरून घरात होणारा वाद हा या उपायाचा एकमेव दुष्परिणाम आहे.

कायद्याची स्थितीही ठाऊक असावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात कावळा आणि फलाहारी वटवाघूळ यांच्या पंगतीला उंदरांना उपद्रवी प्राणी म्हणून बसवले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली, मात्र त्यामुळे घुशीला संरक्षण मिळाले असे नाही. दोन्ही काळांत तिच्या कामाच्या वेळात फरक पडलेला आढळत नाही.

मोहिमेचे यश मोजण्याबाबत राज्यपातळीवरचा एक दाखला येथे उपयोगी पडेल. मार्च २०१८ मध्ये विधानसभेत एकनाथ खडसे यांनी मंत्रालयातल्या मूषकनिर्मूलनाचा विषय काढला आणि ३,१९,४०० उंदीर केवळ सात दिवसांत मारल्याचे दाखवले गेल्याचा आरोप केला. भागाकार केला असता दिवसाला ४५,६२८ उंदीर आणि वर अर्ध्याहून थोडा अधिक उंदीर, असा हिशेब पडतो. हा आकडा मेलेल्या उंदरांचा नसून वापरलेल्या विषारी गोळ्यांचा असल्याचा खुलासा नंतर सरकारकडून झाला. हा खुलासा घरगुती पातळीवरही लागू आहे, कारण गृहस्थ जेव्हा घुशींचा बंदोबस्त पूर्ण झाला असे सांगतो तेव्हा तोही गोळ्याच मोजत असतो. मादीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा आणि एका वेतात अनेक पिल्ले, असा हिशेब समोर असताना एखादी मृत घूस गल्लीभर दाखवत फिरणे हे विजयाचे लक्षण मानता येत नाही.

तेव्हा वाचकांनी एवढे करावे. औषध किंवा पिंजरा एकट्या घराने लावू नये, कारण एका आवारातून हुसकलेली घूस दुसऱ्या आवारात जाते आणि पहिल्या घराची शांतता दुसऱ्याच्या फरशीतून वसूल होते. गल्लीतल्या सर्वांनी एकाच आठवड्यात बिळे बुजवून जिवंत बिळे ठरवावीत, खरकटे आणि धान्य उघड्यावर टाकणे बंद करावे, मोरीच्या तोंडाला आणि पावसाळी नाल्यांना लोखंडी जाळी बसवावी आणि घुबडाला छपरावर बसू द्यावे. या मोहिमेसाठी योग्य काळ मे अखेर ते पहिला पाऊस हा आहे, कारण त्या वेळी शेते मोकळी आणि घुशींची संख्या कमी असते. पाऊस पडल्यावर सुरू केलेली मोहीम पुढच्या मे महिन्यातच संपते.